नेकनूरला सॉफ्टनर नको, पाण्याचा अहवाल हवा

दुष्काळी वर्षी ज्या गावात टँकरचा आवाज आला की बायका हातातलं काम टाकून घागरी घेऊन धावतात, त्या गावात पाणी मऊ करण्यासाठी पाणीच गटारात सोडणारं यंत्र विकायला येणं हा माझ्या लेखी उद्दामपणा आहे. ते यंत्र हप्त्यांवर घेणारी माझ्याच बीड जिल्ह्यातल्या नेकनूरची माणसं आहेत, याचा मला त्याहून जास्त त्रास होतो. नवं घर बांधून झालं, स्लॅबवर टाकी चढली, की थोड्याच दिवसांत दारात एक पोरगा उभा राहतो. गळ्यात ओळखपत्र, हातात पेनाएवढा मीटर. "काकू, हा आकडा बघा. अकराशे! हे पाणी पिता तुम्ही? मुतखडा होईल, केस गळतील, लेकरांची हाडं ठिसूळ होतील." काकू घाबरतात आणि काका संध्याकाळी पतसंस्थेत कर्जाची चौकशी करतात.

मी आडवळण न घेता सांगतो. नेकनूरच्या घराला सॉफ्टनरची गरज नाही. पिण्यासाठी तर मुळीच नाही.

पाणी जड आहे, हे मी नाकारत नाही. बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाणा उभाच राहतो. अंगाच्या साबणाला फेस येत नाही, बादलीवर करडी साय धरते. बंबाच्या आतून खपल्या निघतात, गिझरची कॉइल वर्षा-दीड वर्षात पांढरी होऊन बसते, स्टीलच्या हंड्यावर ओघळ उमटतात ते घासून जात नाहीत. हे सगळं खरं आहे आणि त्याचं कारण आपल्या पायाखाली आहे. बालाघाटचा डोंगर बेसॉल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, खडकाच्या भेगांतून सरकताना त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. काळ्या रानात नांगरताना चुनखडीचे खडे वर येतात, ते याच गोष्टीचे. हे दोन क्षार म्हणजेच पाण्याचा कठीणपणा. यात विष कुठेही नाही.

आता त्या मीटरचं बघू. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा, अंदाज दाखवतो. त्यात कठीणपणा किती, मीठ किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. जंतूंचा तर त्याला पत्ताही नसतो. या मीटरच्या आकड्यावर सॉफ्टनर विकणं ही सरळ फसवणूक आहे, कारण सॉफ्टनर टीडीएस कमी करतच नाही. त्याच्या नळकांड्यातले राळेचे बारीक मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. ४० ग्रॅम कॅल्शियम निघालं की ४६ ग्रॅम सोडियम पाण्यात आलं. म्हणजे यंत्र बसवल्यावर तोच मीटर बुडवला तर आकडा तेवढाच येईल, नाहीतर थोडा वर गेलेला दिसेल. विकणाऱ्याने यंत्र बसवून झाल्यावर तुमच्यासमोर पुन्हा मीटर बुडवून दाखवलाय का? त्याला सांगा दाखवायला.

दुसरा खेळ याहून वाईट आहे. दोन ग्लास पाणी घ्यायचं, एक तुमच्या बोअरचं, एक आरओ यंत्रातून क्षार काढून आणलेलं. दोन्हींत विजेच्या कांड्या सोडायच्या. मिनिटाभरात बोअरचं पाणी तपकिरी, हिरवट, गढूळ होतं आणि यंत्राचं तसंच स्वच्छ राहतं. घरातली माणसं तोंडावर पदर धरतात. तो गाळ तुमच्या पाण्यातला नसतो, त्या कांडीच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून लोखंड झिजून गंजतं. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून ती नीट वाहत नाही म्हणून तिथे काही होत नाही. यंत्राच्या त्याच ग्लासात चिमूटभर घरचं मीठ टाकून पुन्हा कांड्या सोडायला लावा, तेही तसंच घाण होईल. माझं म्हणणं आहे की गावातल्या शाळेत आठवी-नववीच्या पोरांना हा प्रयोग करून दाखवावा. ती पोरं घरी जाऊन आईबापाला फसू देणार नाहीत.

मग आरोग्याचं काय? भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. विकणारा फक्त पहिला आकडा सांगतो, दुसरा गिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने तर कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणाने कोणतीही मर्यादा घातलेली नाही. मुतखड्याची भीती सर्वांत जास्त चालते, कारण भांड्यातला पांढरा थर बघून माणसाला वाटतं, पोटातही असाच बसत असेल. मूत्रपिंड म्हणजे किटली नव्हे. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, पण जेवणा-पाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरतं आणि शरीरात शिरू देत नाही. खडा होण्याचं मोठं कारण पाणी कमी पिणं. चाळीस-बेचाळीस अंशांच्या उन्हात दिवसभर रानात राबायचं आणि तहान मारायची, त्याने खडे होतात. बाभळीखाली घागर ठेवा आणि पोटभर प्या, बोअरचं असलं तरी चालेल.

केसांचं सांगायचं तर बुलढाण्याची गोष्ट अजून जुनी झालेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीमुठीने गळू लागले. पहिला आरोप पाण्यावर झाला. पाण्यात क्षार जास्त निघाले, नायट्रेट जास्त निघालं, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की सापडला चोर. विंचूदंशावरच्या कामामुळे सगळ्यांना माहीत असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लोकांचं रक्त तपासलं, घरातला गहू तपासला, आणि बोट रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे गेलं. तपासणी न करता पाण्याला दोष देणं किती सोपं आहे आणि किती चुकीचं ठरू शकतं, ते तिथे दिसलं.

उलट या पाण्यातलं कॅल्शियम आपल्या बायकांना हवं आहे. हे मी जपून बोलत नाही, मुद्दाम बोलतो. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये या जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. सुमारे ८२ हजार बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. त्यात पुष्कळ जणी अजून पस्तिशी-चाळिशीच्या. गर्भाशयाबरोबर अंडाशय गेलं की हाडं अकाली झिजायला लागतात. या घरांत दूध चहापुरतं येतं. मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. लिटरला १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असलेलं पाणी दिवसाला तीन लिटर प्यालं तर ३०० मिलिग्रॅम फुकटात पोटात जातं आणि ते शरीराला चांगलं लागू पडतं. तेच काढून टाकणारं यंत्र 'हाडांसाठी' म्हणून विकायचं! या माणसांना आपण कुठल्या जिल्ह्यात बोलतोय याची लाज वाटली पाहिजे.

आणि काढून काय घालतात, तर सोडियम. कठीणपणा ५०० धरू. तो पूर्ण काढला तर लिटरला २३० मिलिग्रॅम सोडियम वाढतं. तीन लिटरमागे जवळजवळ ७०० मिलिग्रॅम. दिवसभरात सगळं मिळून २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे तिसरा हिस्सा नुसत्या पाण्यातून, भाकरी-भाजीचं मीठ वेगळंच. ज्या घरात आजोबांना बीपीची गोळी चालू आहे, त्या घरात हे यंत्र पिण्याच्या नळाला जोडणाऱ्याला मी सांगणार, की तू माणसाच्या जिवाशी खेळतोयस.

आता मिठाचा हिशेब, कारण माझा खरा राग इथे आहे. राळेचे मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करावे लागतात. घरी रोज ५०० लिटर पाणी लागतं आणि कठीणपणा ५०० आहे असं समजा. पंचवीस लिटर राळेचं यंत्र साधारण पाच दिवसांत भरतं. प्रत्येक धुण्याला तीनेक किलो मीठ आणि उलट धुवाई धरून दीड-दोनशे लिटर पाणी. वर्षाला दोन क्विंटलांहून जास्त मीठ आणि दहा हजार लिटरच्या वर पाणी, म्हणजे एक मोठा टँकर, एका घरातून गटारात. बीडमध्ये! जिथे २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मराठवाड्यात!

ते खारं पाणी जातं कुठे? नेकनूरच्या गल्लीतली नाली ओढ्याला मिळते, ओढा विहिरींना पाणी देतो, आणि नाल्याकाठची रानं त्याच पाण्यावर भिजतात. शेतकऱ्याला मी चोपण जमीन म्हणजे काय हे शिकवायला नको. पावसात चिखल, उन्हात दगड, वर पांढुरका थर, पाणी मुरत नाही, उगवण होत नाही. काळ्या मातीच्या कणांवर सोडियम चढलं की ते एकमेकांना सोडतात आणि जमीन चोपण होते. तिला पुन्हा माणसात आणायला कृषी विभाग काय टाकायला सांगतो? जिप्सम. म्हणजे कॅल्शियम, जे मातीतल्या सोडियमला हाकलून त्याची जागा घेतं. रानात आपण पैसे देऊन कॅल्शियम टाकून सोडियम काढतो, आणि घरात पैसे देऊन कॅल्शियम काढून सोडियम टाकतो. एकाच माणसाने एकाच वर्षात ही दोन्ही कामं करायची, असा हा धंदा आहे. परसातल्या लिंबाला, शेवग्याला सॉफ्टनरचं पाणी घालणाऱ्याने दोन-चार वर्षांत तिथली माती मुठीत घेऊन बघावी.

ज्याची खरी भीती धरायला हवी ते सॉफ्टनर काढत नाही. संडासाचे शोषखड्डे विहिरीच्या कुशीत खणलेले, वर युरियाच्या गोण्या रानात ओतलेल्या; त्यातून नायट्रेट झिरपतं. मानकाप्रमाणे त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात दुसरा स्रोत नाही म्हणून सवलत नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते निळं पाडू शकतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तपासलेल्या नमुन्यांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. फ्लोराइडलाही हे यंत्र हात लावत नाही. जुलाब, कावीळ, टायफॉइड आणणाऱ्या जंतूंना तर राळेचे ओले मणी राहायला जागा देतात. जंतूंसाठी टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडली का आणि शेवटच्या नळाला क्लोरीन पोचल्याची ओटी टेस्ट घेतली का, हे विचारायचं असतं. ते विचारणारा मी आमच्या आळीत एकटा आहे, हे मला मान्य नाही आणि मी ते चालू देणार नाही.

जड पाण्याचा खरा भार बाईच्या अंगावर पडतो, हे मी मान्य करतो. धुणं, भांडी, डाळ, अंघोळ, सगळं तिचं. पण तो हलका करायला चाळीस-पन्नास हजारांचं नळकांडं लागत नाही. अंगाचा आणि धुण्याचा साबण कॅल्शियमला चिकटून साका धरतो. धुण्याची पावडर तेवढा धरत नाही. पाणी फार जड असेल तर वीस लिटरच्या बादलीत दोन चमचे धुण्याचा सोडा आधी विरघळवावा, मग साबण. डाळीसाठी साठवलेलं पावसाचं पाणी नाहीतर जारचं पाणी वापरावं. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट करतं म्हणून ती शिजत नाही, यात सुनेचा हात वाईट नसतो, हे सासवांनीही ऐकून ठेवावं. गिझर फार तापवू नका, साठ अंशांच्या खाली ठेवा, थर पुष्कळ कमी बसतो. बसलेला थर किराणा दुकानातल्या लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर भिजवला की सुटतो. घरातल्या पुरुषांनी महिन्यातून एकदा ते काम आपल्या हाताने करावं. पाइपला बांधायची चुंबकं आणि विजेचे पट्टे विकायला येतील, त्यांना दारातूनच परत पाठवा. कठीणपणा त्यांनी एका मिलिग्रॅमनेही कमी होत नाही.

सॉफ्टनरची जागा नाहीच असं नाही. डायलिसिसच्या खोलीला तो लागतो, तिथे जड पाणी रुग्णाचा जीव घेऊ शकतं. वाफेच्या बॉयलरला लागतो, मोठ्या लाँड्रीला लागतो. महामार्गावर लॉज चालवणाऱ्याने सोलर हीटरच्या नळ्या वाचवायला फक्त गरम पाण्याच्या लाइनवर लहानसा बसवला तर मी भांडायला जाणार नाही, मिठाचं पाणी तो कुठे सोडतो ते मात्र विचारीन.

आरओबद्दल एवढंच, की घरचा आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर फेकतो. नायट्रेट किंवा फ्लोराइड अहवालात वर निघालं तरच तो घ्या आणि फेकलेलं पाणी लादी पुसायला, संडासात वापरा.

बोअर खोल घेतली की पाणी चांगलं लागेल, या वेडाने आपण पाण्याची जात अजून बिघडवून घेतली. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्याने साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, ही खोल विहिरीची रेघ आखली. आपल्याकडे बोअरच्या गाड्या चारशे-पाचशे फूट सहज जातात. तिथल्या भेगांत पाणी वर्षानुवर्षं खडकाला चिकटून पडलेलं असतं, कुठे जास्त जड, कुठे खारं, कुठे मचूळ. बीडजवळची खजाना विहीर १५८२ ची. ती बांधणाऱ्यांनी वरच्या थरातलं वाहतं पाणी भुयारांनी रानापर्यंत नेलं, त्यांना पाचशे फूट जावं लागलं नाही.

आणि जगातलं सर्वांत मऊ पाणी दर पावसाळ्यात आपल्या स्लॅबवरून पागोळ्यांनी नालीत जातं. हजार चौरस फुटांचा स्लॅब आणि वाईट वर्षाचा ४०० मिलिमीटर पाऊस धरा. गळती-सांडणी वजा जाता तीस हजार लिटर हाती लागतं. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज पंचवीस लिटर धरले तर वर्षाला नऊ-सव्वानऊ हजार लिटर होतात. तीन वर्षांचं पाणी एका कोरड्या वर्षात येऊन जातं! सगळं साठवता येणार नाही; पाच हजार लिटरची झाकलेली टाकी घ्या, पहिला पाऊस सोडून द्या, तोंडाला जाळी लावा, मेडिक्लोरचे थेंब घाला, आणि उरलेलं विहिरीत किंवा बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात गाळून सोडा. सॉफ्टनरच्या पैशात हे बसतं. त्या टाकीला मीठ लागत नाही, वीज लागत नाही, वार्षिक देखभालीचा करार लागत नाही. तिच्यातल्या पाण्यात डाळ पहिल्या तीन शिट्ट्यांत शिजते.

जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच बायकांना तपासणी संचावर पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे, आणि बीडला भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा आहे. येत्या ग्रामसभेत मी अर्ज देणार आहे आणि वाचणाऱ्या प्रत्येकाने त्यावर सही करावी अशी माझी मागणी आहे. गावातल्या प्रत्येक सार्वजनिक विहिरीचा आणि बोअरचा कठीणपणा, टीडीएस, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, तारखेसह, बाजारतळाकडे तोंड करून लावलेल्या फळ्यावर लिहावे. खाजगी बोअरवाल्यांनी नमुना द्यावा, त्यांचाही आकडा त्यांच्या हाती लेखी द्यावा. आणि नायट्रेट ४५ च्या वर निघालेल्या विहिरीवर त्याच दिवशी लाल रंगाने तसं लिहावं, म्हणजे बाळाची बाटली तिथून भरली जाणार नाही. ठराव वहीत चढल्याशिवाय मी खाली बसणार नाही.